सोसणे आणि मानवणे : स्तनकर्करोगावरील दीर्घ औषधोपचाराचा इतिहास

औषधांच्या इतिहासात शोधाची कथा प्रायः विस्ताराने सांगितली जाते; औषध हाती आल्यावर ते घेणाऱ्या माणसाचे दिवस कसे गेले, ही कथा क्वचितच लिहिली जाते. स्तनकर्करोगावर वर्षानुवर्षे घ्यावयाच्या संप्रेरकविरोधी गोळ्यांचा इतिहास यास अपवाद नाही. या गोळ्यांपैकी टॅमॉक्सिफेन ही सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रसिद्ध. तिच्याविषयीच्या वैद्यकीय लेखनात पहिल्यापासून एक विशेषण आढळते : ‘सौम्य’. त्याच्या जोडीला एक ठरीव वाक्यही येते, ते म्हणजे ‘औषध चांगले सहन झाले’. हे विशेषण खोटे नव्हते. परंतु ज्या परिस्थितीत ते खरे होते ती परिस्थिती पुढे पार बदलली आणि विशेषण मात्र तसेच राहिले. या बदलाचा मागोवा घेतल्यावाचून गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचा शीण वैद्यकाच्या दृष्टीस इतका उशिरा का पडला, याचा उलगडा होत नाही.

१. तुलनेतून आलेले विशेषण

स्तनाचा कर्करोग आणि स्त्रीशरीरातील संप्रेरके यांचा संबंध प्रथम शस्त्रक्रियेच्या मार्गाने ध्यानात आला. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज टॉमस बीटसन यांनी जून १८९५ मध्ये एका तरुण स्त्रीचे बीजकोश काढले. तिच्या छातीवर पुन्हा उद्भवलेला रोग त्यानंतरच्या काही महिन्यांत ओसरला. हा वृत्तांत १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संप्रेरके ही संज्ञाही तेव्हा प्रचारात आलेली नव्हती. पुढे अशा शस्त्रक्रियेचा उपयोग सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनाच होतो असे दिसून आले. तो नेमका कोणास होईल हे आधी सांगण्याचा मार्ग मात्र पेशींतील इस्ट्रोजेनग्राहीचा शोध लागेपर्यंत, म्हणजे १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत, उपलब्ध नव्हता.

शस्त्रक्रियेच्या जागी औषध आले ते १९४० नंतर. १९३८ मध्ये इंग्लंडात सिद्ध झालेले स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन मोठ्या मात्रेत दिल्यास वयस्क स्त्रियांतील गाठी आकसतात, असे अलेक्झांडर हॅडो यांनी १९४४ मध्ये दाखविले. टेस्टोस्टेरोनसारखी पुरुषसंप्रेरकेही वापरात होती. यांची किंमत मोठी होती. स्टिल्बेस्ट्रॉलने मळमळ, वांत्या आणि अंगावर सूज येई. पुरुषसंप्रेरकांनी चेहऱ्यावर केस उगवत व आवाज घोगरा होई. रोग सर्वत्र पसरलेला आणि आयुष्य थोडे उरलेले, अशा रुग्णांनाच ही औषधे दिली जात असल्याने ती किंमत अपरिहार्य मानली गेली.

या पार्श्वभूमीवर टॅमॉक्सिफेनचा प्रवेश झाला. इंग्लंडमधील चेशर परगण्यात आल्डर्ली पार्क येथे आयसीआय या कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथे रसायनज्ञ डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये हे संयुग प्रथम तयार केले. आर्थर वॉलपोल यांच्या नेतृत्वाखालील तो गट त्या वेळी संततिनियमनाच्या गोळीच्या शोधात होता. उंदरांत हे संयुग गर्भधारणा रोखी; स्त्रियांत मात्र त्याने उलट बीजोत्सर्गास चालना मिळे. मूळ हेतूच्या दृष्टीने ते अपयशी ठरले. कर्करोगावर ते उपयोगी पडेल काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. मँचेस्टरच्या ख्रिस्ती रुग्णालयात मेरी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या अवस्थेतील रोग असलेल्या ४६ स्त्रियांना ते दिले आणि त्यांपैकी १० जणींस गुण आल्याचे १९७१ मध्ये नोंदविले. गुण येण्याचे प्रमाण जुन्या औषधांहून फारसे निराळे नव्हते. त्रासदायक परिणाम मात्र पुष्कळच कमी होते, आणि या औषधाचे वैशिष्ट्य म्हणून हीच गोष्ट पुढे मांडली गेली. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ च्या अखेरीस अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत १४३ स्त्रियांमध्ये स्टिल्बेस्ट्रॉल आणि टॅमॉक्सिफेन यांची समोरासमोर तुलना झाली. परिणामकारकतेत लक्षणीय फरक दिसला नाही, त्रासात मात्र स्पष्ट फरक दिसला.

सारांश, ‘सौम्य’ हे विशेषण तुलनावाचक होते. त्याचा पूर्ण अर्थ ‘स्टिल्बेस्ट्रॉलपेक्षा सौम्य’ असा होता. वाक्यातील ‘पेक्षा’ गळून पडला म्हणजे तुलनेने खरे असलेले विधान निरपेक्ष होऊन बसते. येथे नेमके तेच घडले.

२. मुदतीची वाढ

प्रारंभी ही गोळी पसरलेल्या रोगावर दिली जाई, आणि रोग पुन्हा बळावला की ती थांबविली जाई. अशा उपचाराची मुदत बहुधा महिन्यांत मोजण्यासारखी असे. परंतु प्रयोगशाळेतील संशोधनावरून, विशेषतः क्रेग जॉर्डन यांच्या कामावरून, हे औषध रोगपेशींची वाढ रोखून धरते आणि म्हणून ते दीर्घकाळ द्यावे लागेल, असा विचार पुढे आला. शस्त्रक्रिया झालेल्या व प्रत्यक्ष रोगचिन्ह न उरलेल्या स्त्रियांना ते पूरक उपचार म्हणून दिले जाऊ लागले. ब्रिटनमधील ज्या चाचणीचा वृत्तांत १९८३ मध्ये आला तिच्यात मुदत दोन वर्षांची होती. अमेरिकेत १९८२ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत ती पाच वर्षांची झाली. जगभरच्या ५५ चाचण्यांतील सुमारे ३७,००० स्त्रियांची माहिती एकत्र करून १९९८ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात पाच वर्षांच्या उपचाराने रोग उलटण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी व मृत्यूचे प्रमाण २६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०१३ च्या ‘ॲटलास’ चाचणीने मुदत दहा वर्षांपर्यंत नेली : इस्ट्रोजेनग्राही असलेल्या गाठींच्या ६,८४६ स्त्रियांपैकी ज्यांनी पाच वर्षांनंतरही गोळी चालू ठेवली त्यांच्यात ३३१, आणि ज्यांनी थांबविली त्यांच्यात ३९७ स्त्रिया या रोगाने मृत्यू पावल्या. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच आकाराचे होते.

या आकड्यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. अल्प खर्चात इतके प्राण वाचविणारी औषधे कर्करोगचिकित्सेत थोडीच आहेत. परंतु याच काळात औषध घेणारी व्यक्ती बदलली, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९७१ मध्ये ती मरणासन्न रुग्ण होती. १९८५ च्या सुमारास ती बरी होऊन घरी परतलेली स्त्री होती. आणि १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या प्रतिबंधक चाचणीत, जिच्यात १३,३८८ स्त्रिया सहभागी झाल्या, तिला रोग झालेलाच नव्हता. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि शिरांत रक्त गोठणे यांसारख्या गंभीर परिणामांची छाननी या संक्रमणाबरोबर कसोशीने झाली. १९९६ मध्ये कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या औषधाची गणना मानवी कर्करोगकारकांत केली, आणि त्याच वेळी त्याचा लाभही निर्विवादपणे मान्य केला. ज्या परिणामांनी जीव जात नाही, केवळ दिवस जड होतात, त्यांची अशी फेरतपासणी मात्र झाली नाही. चार महिने सोसण्यासारखी गोष्ट दहा वर्षे, म्हणजे छत्तीसशेहून अधिक गोळ्यांच्या मुदतीत, सोसण्यासारखी राहते काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

३. नोंदीचा स्तंभ

ही उपेक्षा हेतुपुरस्सर होती असे म्हणता येणार नाही. तिचे मूळ नोंदीच्या पद्धतीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये कर्करोगोपचाराचे परिणाम नोंदविण्याची सामायिक पद्धत घालून दिली, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८३ मध्ये ‘विषारीपणाचे सामान्य निकष’ तयार केले. या कोष्टकांत प्रत्येक परिणामाची तीव्रता श्रेणीने मांडावयाची असते, आणि ती श्रेणी ठरवितो वैद्य. पांढऱ्या पेशी किती घटल्या हे प्रयोगशाळा सांगते. वांत्या किती झाल्या हे मोजता येते. शीण मात्र रुग्णाच्या सांगण्यावाचून कळत नाही. आणि दहा मिनिटांच्या भेटीत सांगणारी स्त्री ‘बरे आहे’ असे म्हणाली, तर तो स्तंभ रिकामाच राहतो. २००३ च्या आवृत्तीत ‘विषारीपणा’ हा शब्द काढून ‘प्रतिकूल घटना’ असा शब्द घातला गेला. शब्द बदलला, परंतु लेखणी वैद्याच्याच हाती राहिली.

वैद्य आणि रुग्ण यांच्या दृष्टींतील अंतर किती मोठे होते, हे १९९७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रथम आकड्यांत उमटले. विविध प्रकारच्या कर्करोगांवर रसायनोपचार वा किरणोपचार घेतलेल्या रुग्णांना आणि कर्करोगतज्ज्ञांना तोच प्रश्न विचारण्यात आला : दैनंदिन जीवनात अधिक बाधा कशाची येते, वेदनेची की थकव्याची? तज्ज्ञांपैकी ६१ टक्क्यांनी वेदनेचे नाव घेतले. रुग्णांपैकी ६१ टक्क्यांनी थकव्याचे. पुढे २००० मध्ये ज्युलियन बॉवर, पॅट्रिशिया गँझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार संपवून वर्षे लोटलेल्या १,९५७ स्त्रियांची पाहणी केली. तीत बहुसंख्य स्त्रियांचा थकवा त्यांच्या वयाच्या इतर स्त्रियांइतकाच होता. परंतु सुमारे एकतृतीयांश स्त्रियांचा थकवा त्याहून तीव्र होता आणि तो झोप, वेदना व खिन्नता यांच्याशी गुंतलेला होता.

या थकव्याचे स्वरूप सांगताना त्या काळच्या लेखकांना एक अडचण जाणवली. श्रमाच्या प्रमाणात नसलेला आणि विश्रांतीने न जाणारा थकवा, असे त्याचे वर्णन त्यांना करावे लागले. कारण इंग्रजीत नेहमीच्या थकव्यासाठी आणि या थकव्यासाठी शब्द एकच होता. भारतीय वैद्यकपरंपरेत हा भेद प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, आयासावाचून देहात वाढणारा आणि धाप न लावणारा जो श्रम, त्यास ‘क्लम’ अशी स्वतंत्र संज्ञा दिली आहे. सुश्रुतास आधुनिक कर्करोगचिकित्सा ठाऊक होती असा याचा अर्थ नव्हे. ज्या भाषेत एखाद्या अनुभवास नाव असते तेथे तो अनुभव नोंदीस पात्र ठरणे सुलभ होते, इतकेच यावरून दिसते. व्यवहारातील मराठीतही ‘दमणे’ आणि ‘गळून जाणे’ यांत फरक आहे. दमलेला माणूस बसला की सावरतो. गळून गेलेला सकाळी अंथरुणातून उठतानाच गळालेला असतो.

नोंदीची लेखणी रुग्णाच्या हाती देण्याचा प्रयत्न त्यानंतर झाला. १९९३ मध्ये युरोपीय कर्करोगसंशोधन संघटनेची जीवनमान-प्रश्नावली आली. २००८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने आपल्या निकषांची रुग्णांनी स्वतः भरावयाची आवृत्ती विकसित करण्यास आरंभ केला. वैद्यांच्या नोंदीत लक्षणे उशिरा येतात आणि कमी तीव्रतेची दिसतात, हे ईथन बाश यांनी २०१० मध्ये स्पष्टपणे मांडले.

४. कारणांचा गुंता

तथापि शिणाचा सारा दोष गोळीच्या माथी मारणे हेही इतिहासाशी प्रामाणिक राहणे नव्हे. उपर्युक्त प्रतिबंधक चाचणीत एका गटास टॅमॉक्सिफेन व दुसऱ्या गटास तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली होती. अंगातून त्रासदायक वाफा निघण्याची तक्रार पहिल्या गटात ४५·७ टक्के स्त्रियांनी केली. परंतु निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीही २८·७ टक्के स्त्रियांनी तीच तक्रार केली. नैराश्याच्या मोजमापात तर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. रजोनिवृत्तीचे वय, आधी झालेला रसायनोपचार, किरणोपचाराचा अवशेष, रोगाची धास्ती, या साऱ्यांचा शिणात वाटा असतो. गोळीचा वाटा पुष्कळदा आडमार्गाने येतो : रात्री वाफांनी अंग भिजते, झोप मोडते, आणि दिवसा जो थकवा जाणवतो त्याची नोंद गोळीच्या खाती होत नाही.

अरोमाटेज या विकराचा रोध करणारी औषधे आली तेव्हा हा गुंता वाढला. ॲनास्ट्रोझोल १९९५ मध्ये व लेट्रोझोल १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. रजोनिवृत्तीनंतर शरीरात जे थोडे इस्ट्रोजेन तयार होते, तेही ही औषधे जवळजवळ बंद करतात. ९,३६६ स्त्रियांच्या ‘एटॅक’ चाचणीचे पहिले निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यांत वाफा, गर्भाशयाचे विकार आणि रक्त गोठणे यांचे प्रमाण टॅमॉक्सिफेनपेक्षा कमी, तर सांध्यांच्या तक्रारी व अस्थिभंग अधिक आढळले. चाचण्यांच्या नोंदींत ही सांधेदुखी मर्यादित दिसत होती. परंतु न्यूयॉर्कमधील २०० स्त्रियांना २००७ च्या एका पाहणीत थेट विचारले असता ४७ टक्के स्त्रियांनी औषधामुळे सांधे दुखू लागल्याचे वा अधिक दुखू लागल्याचे सांगितले. विचारणाऱ्यावर उत्तर किती अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

५. मूक नकार

नोंद न झालेला त्रास नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या वाटेने प्रकट होतो. २००३ मध्ये अमेरिकेतील २,३७८ स्त्रियांच्या औषधखरेदीच्या नोंदी तपासण्यात आल्या, तेव्हा चौथ्या वर्षी गोळी नियमित घेण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसले. २०१० मध्ये डॉन हर्शमन व सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील ८,७६९ स्त्रियांचा असाच अभ्यास केला; संपूर्ण मुदत, आणि तीही नियमितपणे, पुरी करणाऱ्या स्त्रिया ४९ टक्केच होत्या. याची कारणे अनेक आहेत : औषधाचा खर्च, विस्मरण, वय, तसेच बरे वाटू लागल्यावर औषधाची गरज न वाटणे. परंतु औषधाचा त्रास हे त्यांतील एक प्रमुख कारण असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

येथे या विषयातील खरा पेच दिसतो. गोळी जे प्राण वाचविते, ते ती घेतली तरच. ‘चांगले सहन झाले’ या वाक्यात सहन करणारा कर्ता नाही. व्याकरणाच्या सोयीने तो लपला आहे. मराठीत औषध ‘सोसवते’ की नाही हा एक प्रश्न आणि ते ‘मानवते’ की नाही हा दुसरा. सोसणे काही काळाचे असते व त्यास निर्धार पुरतो. मानवणे हे रोजच्या जीवनाशी जुळण्यावर अवलंबून असते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर दुसऱ्याचे काम भागविले गेले. ज्या स्त्रीस औषध मानवले नाही तिने त्याबद्दल तक्रार नोंदविली नाही. तिने पुढची बाटली आणली नाही.

६. विश्रांतीकडून हालचालीकडे

शिणावरील उपायांचा इतिहासही असाच उलटापालटीचा आहे. थकलेल्यास विश्रांती द्यावी, हा सल्ला दीर्घकाळ स्वयंसिद्ध मानला गेला. तो प्रथम डळमळीत केला परिचारिकांनी. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात मॅकव्हिकर आणि विनिंगहॅम यांनी रसायनोपचार घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांना स्थिर सायकलीवर आठवड्यातून तीन वेळा, दहा आठवडे व्यायाम करविला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या स्त्रियांची कार्यक्षमता घटण्याऐवजी वाढल्याचे दिसले. व्हिक्टोरिया मॉक यांनी १९९७ मध्ये किरणोपचार घेणाऱ्या स्त्रियांसाठी घराभोवती चालण्याचा साधा कार्यक्रम आखला. चालणाऱ्यांना थकवा कमी जाणवला. रोग्याच्या खाटेजवळ सर्वाधिक वेळ असणाऱ्या वर्गाने हा प्रश्न आधी ओळखावा, हे स्वाभाविकच आहे.

पुढे पुरावा वाढत गेला. २०१७ मध्ये ११३ अभ्यासांतील ११,५२५ रुग्णांची माहिती एकत्र करून, कर्करोगातील थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार हे औषधांपेक्षा अधिक गुणकारी असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. अरोमाटेजरोधकांच्या सांधेदुखीबाबत येल विद्यापीठात १२१ स्त्रियांवर वर्षभर झालेल्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा वजने उचलणे आणि १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे, यांमुळे तीव्रतम वेदना २९ टक्क्यांनी कमी झाली. हा निष्कर्ष २०१५ चा. योगाभ्यासाचीही परीक्षा झाली. पुण्यात ज्यांनी आपली पद्धती घडविली त्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या आसनप्रणालीचा उपयोग लॉस एंजेलिस येथे बॉवर यांनी केला. उपचारानंतर दीर्घकाळ थकवा टिकून राहिलेल्या ३१ स्त्रियांपैकी काहींना बारा आठवडे आसने, तर काहींना आरोग्यविषयक व्याख्याने असा तो प्रयोग होता; २०१२ च्या वृत्तांतानुसार आसने करणाऱ्यांचा थकवा अधिक कमी झाला व तीन महिन्यांनंतरही तो फरक टिकला. प्रयोग लहान होता, आणि त्याचे मोल त्या मर्यादेतच धरले पाहिजे.

वाफांवरील औषधांचा अनुभव सावधगिरीचा आहे. व्हेनलाफॅक्सिन हे नैराश्यावरील औषध वाफा कमी करते, असे २००० मध्ये दिसले. परंतु त्याच उपयोगासाठी दिले जाणारे पॅरॉक्सेटिन हे यकृतात टॅमॉक्सिफेनचे क्रियाशील रूप तयार होण्यास अडथळा आणते, हे २००३ मध्ये लक्षात आले. लक्षणावरचा उपाय मूळ उपचाराला मारक ठरू शकतो, म्हणून अशा स्त्रीने वैद्यास न विचारता एखादे औषध जोडू नये, तसे एखादे सोडूही नये. मात्रेचा प्रश्नही पुन्हा उघडला गेला आहे. इटलीत अँड्रिया डी चेन्सी यांनी ५०० स्त्रियांत रोजच्या २० ऐवजी ५ मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन तीन वर्षे देऊन त्याची तुलना निष्क्रिय गोळीशी केली. रोग उलटण्याचे प्रमाण निम्म्याने घटले, आणि त्रास निष्क्रिय गोळीहून फारसा अधिक नव्हता. हा २०१९ चा निष्कर्ष मात्र आसपासच्या ऊतीत न शिरलेल्या विकारांपुरताच आहे. आक्रमक कर्करोगास तो लावता येत नाही.

समारोप

१८९५ पासूनच्या या वाटचालीत औषध अधिकाधिक निवडक होत गेले आणि ते घेण्याची मुदत अधिकाधिक लांबत गेली. मुदतीच्या मानाने निकष मात्र बदलले नाहीत. रसायनोपचाराच्या वा स्टिल्बेस्ट्रॉलच्या मापाने मोजले असता जे सौम्य ठरते, ते रोजच्या स्वयंपाकाच्या, नोकरीच्या आणि झोपेच्या मापाने मोजले असता तसेच ठरेल असे नाही. ही दुसरी मापे वैद्यकाच्या हाती आली ती गेल्या तीन दशकांतच, आणि त्यांचे साधन भाषा हेच आहे.

मराठीच्या अभ्यासकांचा या ठिकाणी प्रत्यक्ष संबंध येतो. वर उल्लेखिलेल्या युरोपीय प्रश्नावलीचा मराठी अनुवाद झालेला असून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील स्तनकर्करोगाच्या रुग्णांत तिची परीक्षाही झाली आहे. तिच्यात थकव्याविषयी तीन प्रश्न आहेत : विश्रांतीची गरज, अशक्तपणा आणि दमणूक. इंग्रजीत सहजगत्या वेगळे राहणारे हे तीन शब्द मराठीत कोणत्या तीन शब्दांनी वेगळे राखावयाचे, आणि साताऱ्याकडील शेतकरी स्त्री, गिरगावातील शिक्षिका व नागपुरातील गृहिणी या तिघींना त्यांचा अर्थ एकच लागेल काय, हा प्रश्न अनुवादकाचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर कोणाचा स्तंभ भरला जाईल आणि कोणाचा रिकामा राहील, हे ठरते. बोलींतील शिणाच्या शब्दांचा पद्धतशीर संग्रह या दृष्टीने करण्यासारखा आहे.